उत्तर: ब्रेडरो आणि उसनी कथानकं
डच नाटककार ब्रेडरोची कथानकं उसनी, म्हणून तो दुय्यम, असं मत मांडलं जातं; ते मला अजिबात पटत नाही. 'स्पान्सेन ब्राबांडर' या त्याच्या नाटकाचा (१६१७) सांगाडा एका स्पॅनिश कथेचा, हे खरंच. पण आतलं ॲम्स्टरडॅम त्याचं स्वतःचं आहे! अँटवर्पहून आलेला यरोलिमो खिशाने कफल्लक, ऐट मात्र सरदाराची. त्याचा नोकर रॉबेक्नॉल भीक मागून धन्याला जेवू घालतो. धन्याची बोली ब्राबांटची, म्हणजे अँटवर्पकडची, नोकराची ॲम्स्टरडॅमची. म्हातारे, सावकार, गल्लीतल्या बायका, सगळ्यांचं बोलणं किती जिवंत! चांभाराचा मुलगा असलेल्या ब्रेडरोने चित्रकलेचं शिक्षण घेतलं होतं, ते पात्रापात्रांत दिसतं. १६१८ साली, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी तो गेला. गायीवरचं त्याचं प्रहसन (१६१२) जरूर वाचा. त्यात चोर शेतकऱ्याकडूनच त्याची चोरलेली गाय विकून घेतो.