आयर्लंडमधलं ऑसरी, हे राज्य म्हणायचं की टोळी?

मासुंदाकाठ, ठाणे

नमस्कार मंडळी, इथे इतिहासाचं वाचणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. मुलगी नोकरीसाठी किलकेनीला आहे, आम्ही दोघं यावेळी दोन महिने तिच्याकडे राहून आलो. तिथे सेंट कॅनिस कॅथेड्रल आहे आणि त्याला लागून जुना गोल मनोरा, तीसेक मीटर उंच, आत शिड्या आहेत, मी गुडघे धरत धरत वरपर्यंत गेले. वरून सगळं हिरवंगार पठार आणि मधून नोर नदी. ह्यांनी खालीच बाकावर बसून वाट बघितली. तर तिथे सगळीकडे ऑसरी हे नाव दिसतं, चर्चचा तिथला विभाग अजून त्याच नावाचा आहे, आणि कळलं की इथे एकेकाळी ऑसरी नावाचं राज्य होतं. मला ते नाव वाचून आजोळच्या घराची ओसरीच आठवली, तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये.

माझा गोंधळ असा की राजा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर राजधानी, किल्ला, नाणी, दरबार येतो. इथे तर ना शहर ना नाणं, एका जिल्ह्याएवढा मुलूख आणि लोक म्हणतात किंगडम. मग हे राज्य होतं की टोळी? आणि इतकं छोटं राज्य दोन मोठ्यांच्या मध्ये टिकलं कसं? कोणी नीट सांगेल का, मला खरंच समजून घ्यायचंय.

ऐरोली सेक्टर ८

ताई, तुमचा गोंधळ बरोबर आहे, मलाही सुरुवातीला हेच व्हायचं. त्या काळात आयर्लंडमध्ये सगळ्यात लहान एककाला तुआथ म्हणायचे, म्हणजे लोक आणि त्यांची जमीन दोन्ही मिळून एकच शब्द, आणि प्रत्येक तुआथला एक राजा. असे शंभराच्या वर राजे एकाच वेळी असायचे. त्याच्या वर अनेक तुआथांचा राजा, त्याच्याही वर प्रांताचा राजा. ऑसरी मधल्या पायरीवरचं, आजची बहुतेक किलकेनी काउंटी आणि लीशचा पश्चिम भाग, उत्तरेला स्लीव्ह ब्लूमचे डोंगर. नावाचा अर्थ हरणांचे लोक असा सांगतात.

टोळी हा शब्द मला खटकतो कारण त्याने डोळ्यासमोर भटके लोक येतात. हे शेती आणि गुरं करणारे, कायदा लिहून ठेवणारे लोक होते. इ. स. 700 च्या आसपासच्या त्यांच्या कायद्यात प्रत्येक माणसाच्या अब्रूची किंमत ठरलेली आहे, साध्या तुआथच्या राजाची सात कुमल. कुमल म्हणजे मुळात दासी, पुढे तेच किमतीचं माप झालं आणि प्रत्यक्षात हिशोब दुभत्या गाईंत व्हायचा. नाणं नव्हतं कारण लागतच नव्हतं, आयर्लंडमध्ये पहिली नाणी पाडली ती 997 च्या सुमारास डब्लिनच्या नॉर्स, म्हणजे व्हायकिंग, राजाने. आणि गादी बापाकडून थोरल्या मुलाकडे असं नाही, एकाच पणजोबाचे सगळे वंशज पात्र, त्यामुळे भाऊबंदकी विचारूच नका.

मुख्य गोष्ट ओलीस. ज्याच्याकडे दुसऱ्यांचे ओलीस नाहीत तो राजाच नाही असं तो कायदा म्हणतो. म्हणून नकाशावर रेघ शोधू नका, कोणाचा मुलगा कोणाच्या ताब्यात आहे ते बघा.

पारसिक डोंगर

टिकलं कसं याचं उत्तर एका माणसात आहे, केर्वल मॅक डूनलँगे, साधारण 842 ते 888 राजा. आधी जागा समजून घ्या, पश्चिमेला मन्स्टर, पूर्वेला लेन्स्टर, आणि समुद्राकडून नद्यांनी वर येणारे व्हायकिंग. डब्लिनचा त्यांचा तळ 841 चा, म्हणजे हा गादीवर बसतो तोवर पाहुणे दारात. 847 मध्ये याने त्यांच्यातल्या एका टोळीला असं झोडपलं की वार्षिकीत, म्हणजे मठात वर्षावार लिहिलेल्या नोंदींत, 1200 मेले अशी नोंद आहे, आकडा फुगवलेला असेल पण विजय मोठा होता. आणि तोच केर्वल पुढे डब्लिनच्या आम्लाव आणि ईवर या सरदारांना बरोबर घेऊन उत्तरेच्या मीथ प्रांतावर चालून गेला. मीथचा राजा मेल सेख्निल, त्या वेळचा सगळ्यात ताकदवान माणूस, आणि गंमत बघा, केर्वलची बहीण लँड ही त्याचीच बायको!

मग 859 मध्ये मोठी सभा भरली, राजे आणि धर्मगुरू सगळे एकत्र, आणि तिथे ठरलं की ऑसरी आता मन्स्टरच्या अंमलाखाली नाही, उत्तरेच्या मेल सेख्निलच्या बाजूला. मन्स्टरच्या राजाला ते मान्य करावं लागलं. आता कोणी म्हणेल केर्वल मेव्हण्यापुढे वाकला. मला उलटं वाटतं, मन्स्टरचा राजा शेजारी बसून रोज मान दाबत होता आणि मेल सेख्निल लांब होता. लांबचा मालक पत्करला की जवळच्यापासून सुटका होते. भाचा फ्लॅन पुढे ताराचा राजा, म्हणजे आयर्लंडमधला सर्वोच्च मानाचा राजा, झाला हे वेगळंच.

घणसोली गाव

पारसिक डोंगर, सगळं पटलं पण एक सांगायलाच हवं. केर्वलच्या पराक्रमाच्या रंगवून सांगितलेल्या गोष्टी ज्या आयरिश वार्षिकीच्या तुकड्यांत येतात त्या 1643 साली एका जुन्या हस्तलिखितावरून उतरवल्या गेल्या, आणि मूळ मजकूर अकराव्या शतकात त्याच्याच वंशातल्या डोनख मॅक गिला पॅट्रिकच्या दरबाराशी जोडतात. हा डोनख 1033 मध्ये लेन्स्टरचाही राजा झाला. लेन्स्टरवर हक्क सांगायचा तर पूर्वज मोठा दाखवायलाच हवा ना. म्हणून मी 859 च्या सभेसारख्या कोरड्या नोंदी धरते, युद्धाच्या वर्णनांना हात जपून लावते.

पण केर्वल नुसता घरच्या भाटांचा हिरो नव्हता हेही खरं. आइसलँडच्या वसाहतींची जी जुनी नोंद आहे त्यात तो क्यार्वल या नावाने येतो आणि तिथली कितीतरी घराणी त्याच्यापासून वंश सांगतात. त्याची मुलगी राफार्टा एका नॉर्स माणसाला दिली, तिचा मुलगा हेल्गी उत्तर आइसलँडला जाऊन वसला. हा हेल्गी ख्रिस्ताला मानायचा पण समुद्रात निघताना थॉर या जुन्या नॉर्स देवाला हाक मारायचा असं त्यात लिहिलंय. वाचताना मला आमच्या गावातल्या जुन्या कोळी आज्या आठवल्या, कुठलाही देव नाराज नको.

कळवा खाडी

ताई, तुम्ही ठाण्याच्या आहात म्हणून लिहितो, हेच चित्र तेव्हा आपल्या दारात होतं. कान्हेरीच्या लेण्यांत शिलाहारांचे लेख आहेत, 843 च्या सुमाराचा पुल्लशक्तीचा, मग 853 आणि 877 चे दुसऱ्या कपर्दीचे, म्हणजे जवळपास केर्वलचीच कारकीर्द! हे कोकणचे राजे पण महासामंत, वरती राष्ट्रकूट अमोघवर्ष, लांब मान्यखेटला. लांबचा मालक म्हणतात ना, तोच. वंशही तसाच, शिलाहार स्वतःला जीमूतवाहन विद्याधराचे वंशज म्हणवायचे आणि ऑसरीवाले लेगरे बिर्न नावाच्या पुराणपुरुषाचे. राष्ट्रकूट 973 मध्ये कोसळले तेव्हा शिलाहारांनी मोठमोठ्या पदव्या घेतल्या.

फरक एवढाच की आपल्याकडे दगडावर आणि पुढे तांब्यावर कोरून दान दिलं, साल घातलं, गावाच्या सीमा घातल्या, त्यामुळे ते राज्य वाटतं. तिकडे तेच काम मठातल्या वार्षिकीने आणि तोंडपाठ वंशावळीने केलं. राजा दोन्हीकडे राजाच.

मासुंदाकाठ, ठाणे

बाप रे, किती छान सांगितलंत सगळ्यांनी, ह्यांनाही वाचून दाखवलं. कान्हेरीला कॉलेजात असताना सहलीला गेले होते आणि लेख न बघताच परत आले, आता वाईट वाटतंय. एकच राहिलं, राज्य गेलं तरी चर्चच्या विभागाला नाव कसं उरलं?

ऐरोली सेक्टर ८

1111 मध्ये राथ ब्रेसलच्या धर्मसभेत बिशपांचे विभाग आखले तेव्हा त्या वेळच्या राज्यांच्या हद्दीच धरल्या, म्हणून. पुढे 1169 ला नॉर्मन आले, सुपीक दक्षिण भाग त्यांनी घेतला आणि ऑसरीचं मॅक गिला पॅट्रिक राजघराणं उत्तरेच्या डोंगराकडे सरकलं, आज तेच फिट्झपॅट्रिक आडनाव लावतात. पण चर्चच्या हद्दी जवळपास तशाच राहिल्या. मुलीला सांगा, गाडी असेल तर सेअर किअरनला जाऊन ये, ऑसरीच्या संत किअरनचा मठ तिथे होता आणि राजांना तिथेच पुरायचे असं सांगतात. ते गाव आज ऑफली काउंटीत आहे, मधे दुसऱ्यांची हद्द लागते, पण चर्चच्या हिशोबात अजून ऑसरीतच.

मासुंदाकाठ, ठाणे

आत्ताच फोन केला तिला, शनिवारी जातेय म्हणाली.