जनसुनावणी म्हणजे नुसता देखावा?

वर कुणीतरी लिहिलंय की विमानतळाची जनसुनावणी म्हणजे नुसता देखावा, ठरलेलं असतं ते होतंच. अर्धं पटतं. पण आपण तरी कुठं जातो ओ? सोलापुरात विमानांच्या आड येणाऱ्या होटगी रोडच्या साखर कारखान्याच्या चिमणीवर चौकाचौकात वर्षानुवर्षं भांडलो, शेवटी १५ जून २०२३ ला पाडली, आणि बोरामणीच्या नव्या विमानतळाचं घोडं माळढोकच्या वनजमिनीवर अडलं तेव्हा पक्ष्याला शिव्या घालून मोकळे झालो.

एक मुद्दा इथं कुणीच काढला नाही. २००६ च्या ईआयए, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासायच्या, अधिसूचनेत सुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी पेपरात द्यावी लागते, अहवालाचा सारांश मराठीत ठेवावा लागतो, आणि शेवटी लोकांचे आक्षेप तिथंच वाचून दाखवावे लागतात. कोरमची अटच नाही, म्हणजे पाच माणसं आली तरी सुनावणी झाली! मी जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या सुनावणीला गेलतो, चहा-बिस्किटं झाल्यावर निम्मा मांडव रिकामा, आक्षेप वाचायच्या वेळी आम्ही मोजून नऊजण. माझा बोअरच्या पाण्याचा मुद्दा त्यात नव्हताच, उठून बोललो तेव्हा घातला. लेखी दिला असता तर ही कटकटच नव्हती, पोच घेऊन ठेवायची फक्त.