आनंद मेळाव्यातील खेळांना कुपन असावे का?

मूळ मत : पालक, शाळा व्यवस्थापन समिती सदस्य

आमच्या शाळेचा आनंद मेळावा संक्रांतीनंतरच्या शनिवारी भरणार असून, खाऊ आणि खेळ दोन्हींसाठी दहा रुपयांची कुपने विकावीत, असा प्रस्ताव समितीपुढे आहे. खाऊचे समजू शकते. खेळांना मात्र माझा विरोध आहे. गेल्या वर्षी साबणाच्या वड्यांवर रिंग टाकण्याच्या खेळापाशी दोनच मुले पुन्हापुन्हा खेळत होती आणि बाकीची दोरीला टेकून त्यांची नोट संपण्याची वाट पाहत होती. लगोरीला फरशीचे सात तुकडे आणि एक चेंडू पुरतो, सागरगोट्यांना तर तेवढेही लागत नाही. मग पैसे कशाचे घ्यायचे? खेळ मोफत ठेवावेत आणि ते सातवीच्या मुलांनीच मांडावेत, चालवावेत, गुणही त्यांनीच लिहावेत.

प्रतिसाद : गणित शिक्षिका

मी असहमत आहे. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत मेळाव्यात मुलांचा बाजार भरतो, तो व्यवहार कळावा म्हणूनच. आमच्या वर्गातील एका गटाने भेळेचा नफा काढताना कांदा धरलाच नव्हता, कारण तो घरचा होता. त्याची किंमत धरायला लावल्यावर निम्मा नफा गेला आणि त्यावर जो वाद रंगला, तो मला फळ्यावर उभा करता आला नसता. खेळाच्या गटालाही चेंडू, दोरी, बक्षिसे यांचा खर्च भरून काढण्याची जबाबदारी हवीच.

प्रतिसाद : माजी विद्यार्थी

मॅडम, हिशोब भेळेवर शिकता येतो. त्यासाठी पहिलीच्या मुलाकडून लिंबू-चमच्याचे पैसे घेण्याची गरज नाही. आणि खरे सांगायचे तर निम्म्या दुकानांत भेळ आईच कालवते, मूल फक्त गल्ल्यावर बसते.

प्रतिसाद : पालक, खाऊ समिती

कुपनांवर वाद घालताना एक नियम विसरू नये. शालेय मुलांच्या आहाराविषयीच्या २०२० च्या केंद्रीय नियमांनुसार जास्त मेद, मीठ वा साखर असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात किंवा फाटकापासून पन्नास मीटरच्या आत विकता येत नाहीत. मेळावा एका दिवसाचा असला तरी वेफर्सची पाकिटे आणि शीतपेये आपणच आवारात मांडावीत, हे शोभत नाही. उकडलेले शेंगदाणे, काकडी, थालीपीठ, ताक एवढ्यावर उत्तम भागते. नशिबाचे चाक मात्र मोफत असले तरी नको. त्यात नेम नाही, कौशल्य नाही, नुसती चटक आहे.

प्रतिसाद : पालक

चाकाबाबत सहमत. पण ग्रंथालयाच्या कपाटांसाठी पैसे कुठून आणायचे, हे मोफतवाल्यांनी सांगावे. वर्गणीची चिठ्ठी घरी पाठवली की तोंडे वाकडी होतात. मेळाव्यात तेच पालक हसत पैसे काढतात.

मूळ लेखकाचे उत्तर

कपाटांचा मुद्दा रास्त आहे, तरी तो भार मुलांच्या खेळावर नको. खाऊची कुपने राहू द्यावीत, नफा कपाटांना जावा आणि मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे कांद्यासकट हिशोब सूचनाफलकावर लागावा. पालकांसाठी रस्सीखेच आणि संगीत खुर्ची ठेवून प्रवेशशुल्क घ्यावे. खिसा त्यांचा आहे. प्रत्येक मुलाला मात्र सकाळीच सर्व खेळांची नावे असलेले सारखे कार्ड द्यावे, आणि एक फेरी झाली की त्या नावापुढे शिक्का मारावा.

प्रतिसाद : गणित शिक्षिका

कार्ड मान्य आहे. मात्र खेळांच्या साहित्याचा खर्च कपाटांच्या रकमेतून वजा झालेला त्याच फलकावर दिसला पाहिजे, नाहीतर खेळ फुकटात झाले असे मुलांना वाटेल.