मदत हवी आहे: सात मंडळ्यांची सहल, गुडघा बदललेले सासरे आणि फिलदेल्फियाला फक्त २० मिनिटं

नमस्कार मंडळी,

आमच्या चर्चचा ३२ जणांचा गट ऑक्टोबरमध्ये तुर्कस्तानला जातोय. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, ज्या सात मंडळ्यांना (म्हणजे सुरुवातीच्या ख्रिस्ती समाजांना) पत्रं आहेत, त्या सातही जागा बघायच्या आहेत. आम्ही घरचे पाच जण: मी, नवरा, ११ वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. व्हिसा, विमान, विमा सगळं मार्गी लागलंय. योहानाने ही पत्रं जिथे लिहिली असं मानतात ते पात्म बेट ग्रीसमध्ये, त्याला आणखी एक व्हिसा, म्हणून ते आधीच गळलं. ते जाऊ दे. अडचण वेगळीच आहे.

पप्पांचं (सासऱ्यांचं) वय ७४. गेल्या वर्षी उजवा गुडघा बदललाय. सपाटीवर काठी घेऊन अर्धा तास आरामात चालतात. पायऱ्या उतरताना कठडा लागतो, नाहीतर माझा खांदा. दुखतंय असं तोंडाने कधीच म्हणत नाहीत. चालता चालता थांबून उगाच लांबचं काहीतरी न्याहाळायला लागले, की समजायचं.

टूरवाल्यांनी दिलेला कार्यक्रम असा: दुसऱ्या दिवशी इफिस आणि इझ्मीर (म्हणजे स्मुर्णा). तिसऱ्या दिवशी बर्गामा (पर्गम) आणि अखिसार (थुवतीरा), मुक्काम परत इझ्मीर. चौथ्या दिवशी सार्दीस एक तास, 'फिलदेल्फिया: फोटो स्टॉप, २० मिनिटं', मग 'टेक्स्टाइल आउटलेट: दीड तास' आणि मुक्कामाला पामुक्कले. पाचव्या दिवशी लावदिकीया आणि पामुक्कलेचंच प्राचीन शहर हिरापोलिस.

पप्पांनी तीस-पस्तीस वर्षं संडे स्कूल घेतलं. सात मंडळ्यांत त्यांचा जीव फिलदेल्फियावर. फक्त स्मुर्णा आणि फिलदेल्फिया या दोघींनाच पत्रात एकही बोल लावलेला नाही, हे त्यांच्या हाताखालून गेलेलं प्रत्येक पोर झोपेतही सांगेल. कार्यक्रमाचा कागद हातात आला तेव्हा त्यांनी चष्मा वर करून ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, "टॉवेलांना दीड तास होय?" बस, तेवढंच. तेव्हापासून विषय काढलेला नाही. म्हणूनच मला चैन पडत नाही.

तिथं अलाशेहिरमध्ये (फिलदेल्फियाचं आजचं नाव) खरंच बघण्यासारखं काही नाही का? गेलेल्यांनी सांगा. बाकी कुठे पप्पांना न्यावं आणि कुठे बाहेर बसवावं? अवशेषांत बसून वाचन-प्रार्थना केली तर कुणी हटकतं का? आणि मुलगा आत्ताच म्हणतोय, "सात दिवस दगड बघायचे?" त्याचं काय करू?

— ओटीवरची

*

कंदीलवाला:

ताई, दोन वर्षांपूर्वी आईला घेऊन याच वाटेने गेलो होतो. तिचे दोन्ही गुडघे कुरकुरणारे. त्यामुळे देवळं-खांब कमी आणि पायऱ्या जास्त लक्षात राहिल्यात.

इफिसला दोन फाटकं आहेत, वरचं आणि खालचं. बस वरच्या फाटकाशी सोडून खालच्याशी उभी राहते ना, हे आधी पक्कं करून घ्या. म्हणजे सगळा रस्ता उताराचा होतो. पण संगमरवर हजारो पावलांनी इतका गुळगुळीत झालाय, की उतारच जास्त धोक्याचा. चामड्याच्या तळव्याचे बूट अजिबात नकोत. काठीला नवा रबरी बूच बसवून घ्या, आमचा जुना झिजलेला होता आणि सेल्ससच्या ग्रंथालयाच्या थोडं वर ती सटकली. आई पडली नाही, पण तिथून पुढचं इफिस तिने माझ्या दंडाकडे बघत पाहिलं. उतारावरची श्रीमंतांची घरं आहेत, त्यांचं तिकीट वेगळं आणि आत जिनेच जिने. पप्पांसाठी सोडून द्या. सावली जवळजवळ नाही, सकाळी पहिल्यांदा आत शिरलात तर बरं.

बर्गामाला टेकडीवर जायला केबल कार आहे, चढायचा प्रश्न मिटतो. वर उतरल्यावर मात्र ओबडधोबड दगड. नाट्यगृह अंगावर येईल इतकं उभं आहे. ते वरूनच बघा, आत उतरू नका. झ्यूसच्या वेदीचा नुसता चौथरा उरलाय, त्यावर झाडं उभी आहेत. वेदी जर्मन लोकांनी १९व्या शतकात बर्लिनला नेली. काही अभ्यासक पर्गमच्या पत्रातलं 'सैतानाचं आसन' ते हेच म्हणतात. पप्पांना चौथरा वरून दिसेल.

अखिसारला काळजीच नको. भर गावात, दुकानांच्या मधोमध, कुंपण घातलेला एक चौक आहे आणि सगळं सपाट. बायबलमधल्या, जांभळं कापड विकणाऱ्या लुदियेच्या गावात आलोय हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

हिरापोलिसला पांढऱ्या चुन्याच्या पायऱ्यांवर अनवाणीच चालावं लागतं. कुठे निसरडं, कुठे तळव्याला खरखरीत टोचणारं. पप्पांनी काठावर बसून पाय पाण्यात सोडावेत, तेवढं पुरे. प्रेषित फिलिप्पाचं स्मारक टेकडीवर आहे आणि चढण चांगलीच. मुलाला नवऱ्याबरोबर पाठवा. दक्षिणेच्या फाटकातून आत गेलात तर चालणं कमी पडतं.

*

हिशेबनीस:

मी सहली काढणाऱ्यांकडे काही वर्षं नोकरी केली आहे, म्हणून आतली गोष्ट सांगतो. आउटलेटचा थांबा दुकानाच्या कमिशनसाठी असतो आणि तुमच्या पॅकेजचा दर त्यावरच उतरवलेला असतो. 'रद्द करा' म्हणालात तर फरक मागतील. 'कमी करा' म्हणालात तर बहुतेक वेळा ऐकतात, कारण बस दारात लागली की त्यांचं काम झालं. मात्र हे निघण्याआधी, लेखी आणि गटप्रमुखाच्या नावाने व्हायला हवं. तिथे बसमध्ये उठून बोललात तर गाईड गोड हसेल आणि बस दुकानापाशीच थांबेल.

अंतराची सबब सांगतील, ती ऐकू नका. सार्दीस ते अलाशेहिर सुमारे ५० किलोमीटर, तिथून पामुक्कले शंभर-सव्वाशे. दिवस मोकळाच आहे, दुकानानेच भरलाय.

प्रार्थनेचं म्हणाल तर, छोट्या गटाने बसून वाचन, हळू आवाजात प्रार्थना, कुणी काही म्हणत नाही. स्पीकर लावून उपासना किंवा प्रभुभोजन करायचं असेल तर आधी विचारा. आणि एक लक्षात ठेवा: तुर्कस्तानात परवानाधारक गाईडशिवाय कुणी गटाला माहिती सांगू शकत नाही. पाळकसाहेब खांबाकडे बोट दाखवून इतिहास सांगायला लागले तर गाईड अडचणीत येतो. त्याला आधीच सांगा, 'दगडांचं तुम्ही सांगा, वचनाचं आम्ही.' मग तोही खूश.

*

पाचोळा:

अलाशेहिरबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते.

बघायला म्हणाल तर फार नाही. घरांच्या मध्ये एक लहानसं आवार आणि त्यात विटांचे प्रचंड जाड खांब. योहानाच्या नावाचं बायझंटाइन काळातलं चर्च होतं, म्हणजे पत्र आलं त्यानंतर कित्येक शतकांनी बांधलेलं. फोटोसाठी २० मिनिटं खरोखर पुरतात. पण तुमचे पप्पा फोटोसाठी चाललेले नाहीत.

इ.स. १७ मध्ये या भागात मोठा भूकंप झाला. सार्दीस, फिलदेल्फिया धरून बारा शहरं कोसळली. तिबेरियस बादशहाने मदत दिली, आणि उपकार म्हणून फिलदेल्फियाने काही काळ 'निओकैसरिया' हे नाव घेतलं. स्ट्राबो नावाचा भूगोलकार लिहितो, की या शहराच्या भिंतींना सतत तडे जातात, म्हणून बरेच लोक गावाबाहेर शेतातच राहतात. आता पत्रातलं अभिवचन वाचा: जो विजय मिळवेल त्याला देवाच्या मंदिरातला खांब करीन, तो पुन्हा बाहेर जाणार नाही, आणि त्याच्यावर नवं नाव लिहीन. ज्यांची रात्र भिंत पडेल या भीतीने बाहेर शेतात जायची, त्यांना हे वाक्य कसं लागलं असेल? मी त्या विटांना पाठ टेकून हे वाचलं तेव्हा आवाराबाहेरून एक मुलगा सायकलची घंटी वाजवत गेला. का कोण जाणे, ती घंटी अजून आठवते.

तिथे ४० मिनिटं मागा. दहा मिनिटं गटाला फोटो काढू द्या, मग सगळ्यांना बसवा आणि वाचायला पप्पांना सांगा. पाळकांना नको, पप्पांनाच.

हो, घडीचं स्टूल न्या. बसायला धड जागा मिळेलच असं नाही.

*

खारीक:

मुलाची काळजी माझ्याकडे द्या, मी दोन पोरांना पुरून उरलेय.

त्याला नुसतं बघायला सांगू नका, प्रत्येक ठिकाणी एक काम द्या. इफिसच्या नाट्यगृहात २४-२५ हजार माणसं बसायची. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये'चा १९वा अध्याय वाचून दाखवा. अर्तमी देवीच्या देव्हाऱ्यांच्या धंद्यावर गदा आली म्हणून देमेत्रिय सोनाराने लोक पेटवले आणि त्यांनी तिथेच दोन तास अर्तमीच्या नावाने घोषणा दिल्या. त्याला म्हणा, दोन तास ओरडून दाखव. माझा धाकटा दोन मिनिटांत बसला. शिवाय इफिसला सार्वजनिक शौचालय आहे, एका ओळीत दगडी भोकं, मध्ये पडदा नाही. बाकीचं सगळं विसरेल, ते विसरणार नाही.

सार्दीसला किल्ल्याची गोष्ट सांगा. हेरोडोटसने लिहिलीय. कडा इतका उभा, की तिथून शत्रू येणार नाही म्हणून पहाराच नव्हता. एका शिपायाचं शिरस्त्राण खाली पडलं, तो कड्यावरून उतरून ते घेऊन परत चढला. इराणी सैन्यातल्या एकाने ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने शहर पडलं. तीनशेवर वर्षांनी पुन्हा तसंच झालं. त्या गावाच्या पत्रात 'जागा राहा, नाहीतर चोरासारखा येईन' आहे, हे पोराला स्वतःला जुळवू दे.

आणि सार्दीसला दोन जागा आहेत हं. सभास्थान आणि व्यायामशाळा रस्त्यालगत, अर्तमीचं देऊळ तिथून सुमारे एक किलोमीटर आत. तासाभराच्या थांब्यात देऊळ गाळतात. बस तिथपर्यंत जाते, मागून घ्या.

लावदिकीयाला मातीचे जुने पाण्याचे नळ दाखवा, आत चुन्याचा थर जमून भोक बारीक झालेलं. शेजारी हिरापोलिसचं पाणी गरम, जवळच्याच कलस्सै शहराचं गार, आणि यांच्या पत्रात 'कोमट'. मुलं हे एका झटक्यात पकडतात.

*

ओटीवरची:

सगळ्यांचे खूप आभार. पाचोळा, तुमचा प्रतिसाद मी पप्पांना मोठ्याने वाचून दाखवला. भूकंपाचं त्यांना ठाऊक होतं, शेतात झोपण्याचं नव्हतं. बराच वेळ गप्प होते, मग वहीत काहीतरी लिहून ठेवलं.

रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांना गाठलं. त्यांनी कार्यक्रमातल्या वेळा नीट बघितल्याच नव्हत्या. हिशेबनीस म्हणाले तसं त्यांच्या सहीने पत्र गेलं आणि काल उत्तर आलं: फिलदेल्फिया ५० मिनिटं, आउटलेट ४५ मिनिटं, सार्दीसला देवळापर्यंत बस. पैसे वाढवले नाहीत. वाचन पप्पाच करणार. आता ते चष्म्याचा नंबर तपासून घ्यायचं म्हणताहेत.

काठीचा बूच बदलला. घडीचं स्टूल आणलंय, तीन पायांचं. मुलगा रोज त्यावर बसून 'टेस्टिंग' करतोय. पप्पांचं वजन त्यावर टिकतं का, हे अजून बघायचंय.

एकच घोळ झालाय. आउटलेटची वेळ अर्धी केल्याचं मम्मींना मी सांगितलंच नव्हतं. त्यांनी पाच घरांसाठी टॉवेलांची यादी केली आहे, रंगांसकट. ४५ मिनिटांत एवढी खरेदी कशी उरकायची, यावर कुणाला काही सुचत असेल तर तेही सांगा.