मदत हवी आहे: चतुर्थीच्या तोंडावर पुण्याहून नाशिकला बिऱ्हाड हलवायचे आहे, गॅस नसताना उकडीचे मोदक कसे करावेत?

नमस्कार मंडळी,

माझ्या यजमानांची पुण्याहून नाशिकला बदली झाली असून रुजू होण्याची तारीख नेमकी गणेश चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात आली आहे. मुदतवाढ मिळणार नाही, आणि सध्याच्या घराचा करारही त्याच सुमारास संपत असल्यामुळे सामान मागे ठेवून सावकाश हलवण्याची सोय उरलेली नाही. नाशिकला इंदिरानगर भागात दुसऱ्या मजल्यावरचे घर भाड्याने ठरले आहे. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. तो आजेसासऱ्यांपासून चालत आला आहे. ऐंशी ओलांडलेल्या माझ्या सासूबाईंची मनापासून इच्छा आहे की या वर्षीही मूर्ती घरीच बसावी आणि नैवेद्याला एकवीस उकडीचे मोदक घरच्या हातचे असावेत. माझीही तीच इच्छा आहे. मोदक बाहेरून आणावेत असे अनेकांनी सुचवले आणि ते व्यवहाराचे आहे हे मला पटते, तरी कृपया तो पर्याय बाजूला ठेवून मार्गदर्शन करावे.

मुख्य अडचण गॅसची आहे. शहर बदलत असल्यामुळे इथल्या वितरकाकडे सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्यावे लागेल, आणि ते दाखवून नाशिकच्या वितरकाकडे नव्याने जोडणी घ्यावी लागेल. तिथे पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणी केलेला भाडेकरार लागतो आणि घरमालकांनी तो आम्ही तिथे गेल्यानंतर करू असे सांगितले आहे. म्हणजे चतुर्थीपर्यंत गॅस येईलच याची खात्री देता येत नाही. आमच्याकडे इंडक्शनची शेगडी आहे, परंतु सासूबाईंचे मोदकपात्र जुने, जाड ॲल्युमिनियमचे आहे. ते शेगडीवर ठेवताच ती नुसती टीं टीं करते आणि बंद पडते. उकडही मी आजवर गॅसच्या मंद आचेवर, डोळ्यांच्या अंदाजाने काढत आले आहे. इंडक्शनवर ती कशी काढावी हे मला ठाऊक नाही.

याखेरीज काही प्रश्न आहेत. पिठी पुण्यातूनच दळून न्यावी की तिथे विकत घ्यावी? सारण आधी करून ठेवता येईल का? या वर्षीच्या कैरीच्या लोणच्याची मोठी चिनीमातीची बरणी भरलेली आहे, ती कशी न्यावी? ट्रकमधून फ्रिज पावसाळ्यात नेताना काय काळजी घ्यावी? आणि सासूबाईंना प्रवासाचा त्रास कमीत कमी व्हावा यासाठी काही सुचत असेल तर तेही अवश्य सांगावे. वेळ थोडा आहे, म्हणून ज्यांनी असे बिऱ्हाड घाईत हलवले आहे त्यांचा अनुभव मला विशेष मोलाचा वाटेल.

प्रतिसाद

ताई, मोदकांची काळजी करू नका, इंडक्शनवर उत्तम मोदक होतात. मी गेली काही वर्षे तसेच करते आहे.

इंडक्शनच्या शेगडीवर तेच भांडे तापते ज्याच्या तळाला लोहचुंबक घट्ट चिकटते. ॲल्युमिनियम, तांबे आणि पितळ यांना तो चिकटत नाही, आणि स्टीलच्या सगळ्याच भांड्यांना चिकटतो असेही नाही. म्हणून फ्रिजच्या दारावरचा एखादा चुंबक काढून घरातली भांडी आताच तपासून घ्या आणि जी चालतील तेवढी एकाच खोक्यात भरा. इंडक्शनला चालणारा प्रेशर कुकर असेल तर तोच मोदकपात्राचे काम करतो. तळाशी दोन बोटे पाणी घालावे, आत उंच कडी ठेवून तिच्यावर चाळणी ठेवावी, चाळणीवर केळीचे किंवा हळदीचे पान पसरावे आणि झाकणाची शिट्टी काढून ठेवावी. शिट्टी काढणे महत्त्वाचे आहे, कारण आपल्याला दाब नको आहे, फक्त वाफ हवी आहे. झाकणाला आतून साचलेले पाणी मोदकांवर ठिबकते, ते टाळण्यासाठी मोदकांवर एक पातळ, कोरडे सुती फडके अलगद पसरावे. मात्र त्याने वाफेची वाट बुजणार नाही एवढे पाहावे. एका घाण्यात सात-आठ मोदक बसतात, म्हणजे तीन घाण्यांत एकवीस होतील. पाण्याला दणदणीत उकळी आल्यावरच मोदक आत ठेवावेत आणि दहा ते बारा मिनिटे वाफवावेत. प्रत्येक घाण्यानंतर पाणी किती उरले आहे ते मात्र बघावे.

उकडीच्या बाबतीत थोडी पद्धत बदलावी लागते. बऱ्याच इंडक्शन शेगड्या मंद आचेवर सलग तापत नाहीत. त्या काही क्षण पूर्ण जोराने तापतात आणि काही क्षण थांबतात. त्यामुळे पिठी घातल्यावर झाकण ठेवून शेगडीवरच दोन वाफा काढायला गेले की तळाशी उकड धरते. मी एका वाटी पिठीला एक वाटी पाणी घेते, त्यात मीठ आणि चमचाभर तूप घालून उकळी आणते, शेगडी बंद करते आणि मग पिठी घालून उलथन्याच्या दांड्याने ढवळते. त्यानंतर पातेले खाली उतरवून, झाकण लावून, जाड पंचात गुंडाळून दहा मिनिटे तसेच ठेवते. एवढ्याने मन भरले नाही तर ही उकड ओल्या फडक्यात बांधून त्याच कुकरच्या चाळणीत पाच मिनिटे वाफवावी. अशी उकड मऊ होते आणि पारी, म्हणजे मोदकाचे बाहेरचे आवरण, पातळ करता येते.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. नव्या घरी पोहोचल्याबरोबर स्वयंपाकघरातले विजेचे पॉइंट पाहा. इंडक्शनची शेगडी पूर्ण जोरावर साधारण २००० वॅट वीज घेते, तर लहान ६ अँपिअरच्या पॉइंटवर जेमतेम १३८० वॅट चालतात. तिला मोठ्या तीन पिनांचा १६ अँपिअरचाच पॉइंट लागतो, आणि एक्स्टेंशनची वायर लावून ती कधीही चालवू नये. ओट्याजवळ तसा पॉइंट नसेल तर मालकांना आजच फोन करून बसवून घ्यायला सांगा.

पिठी पुण्यातूनच न्या. आंबेमोहोर धुऊन, फडक्यावर पंख्याखाली सावलीत वाळवून, गिरणीत तांदळावरच दळून घ्यावा. ज्वारी किंवा गव्हाच्या पाठोपाठ दळला तर पिठीचा रंग आणि चव दोन्ही बिघडतात. पिठी दुहेरी चाळून कोरड्या स्टीलच्या डब्यात भरा. सारण मात्र प्रवासात नेऊ नका. ओला नारळ दमट हवेत लवकर आंबतो, म्हणून नारळ अख्खे न्या, गूळ चिरून न्या आणि सारण आदल्या दिवशी तिथेच करून फ्रिजमध्ये ठेवा.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादात गॅसच्या एका पर्यायाची भर घालतो. ५ किलोचा लहान सिलिंडर वितरकाकडे आणि काही ठिकाणी पेट्रोल पंपावरही मिळतो. इंडेनने तो डिसेंबर २०२० पासून 'छोटू' या नावाने विक्रीस ठेवला आहे. त्यासाठी पत्त्याचा पुरावा लागत नाही, फक्त ओळखपत्र पुरते. त्याला बसणारा रेग्युलेटर त्याच वेळी मागून घ्यावा. एवढ्या गॅसवर नैवेद्याचा सगळा स्वयंपाक आरामात होतो आणि तुमच्या सासूबाईंचे मोदकपात्रही वापरता येईल. पुण्याहून भरलेला सिलिंडर मात्र ट्रकमध्ये घालून नेण्याचा विचार कोणी सुचवला तरी करू नये. ते धोक्याचे आहे. इथला सिलिंडर निघण्याच्या आदल्या दिवशी जमा करा आणि अनामतीची रक्कम व व्हाउचर दोन्ही हातात घेऊनच वितरकाकडून बाहेर पडा. जोडणी जुनी असेल तर परत मिळणारी अनामत तुमच्या मूळ पावतीवरच्या दराने मिळते आणि नव्या ठिकाणी चालू दराने भरावी लागते. १४.२ किलोच्या सिलिंडरसाठी ती जून २०२२ मध्ये २२०० रुपये झाली, त्यामुळे दोन्हींतला फरक हाताशी ठेवावा.

भाडेकरार तिथे गेल्यावर करण्याचे काही कारण नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी असणे आणि त्याची नोंदणी होणे बंधनकारक आहे, आणि ही जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी आधार क्रमांक आणि अंगठ्याच्या ठशाच्या आधारे घरबसल्या ऑनलाइन होते. मुद्रांक शुल्क कराराच्या एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के या दराने बसते, परत मिळणाऱ्या अनामतीवर धरलेले व्याजही त्या हिशेबात येते, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १००० रुपये आहे. मालकांना हे नम्रपणे समजावून सांगा आणि सामान हलण्यापूर्वीच करार पूर्ण करून घ्या. तो हातात असला की गॅस, बँक आणि आधारवरचा पत्ता ही कामे एकामागून एक मार्गी लागतात. पुण्याचे घर सोडताना विजेच्या मीटरचा आकडा दिसेल असा फोटो काढून ठेवा.

प्रतिसाद

सामानाविषयी लिहिते. ट्रक ठरवताना बंद बॉडीचाच ठरवा. भाद्रपदात पुणे-नाशिक रस्त्यावर पाऊस कधी गाठेल सांगता येत नाही आणि ताडपत्री कितीही चांगली बांधली तरी गाद्या ओल्या होतातच. भाव लेखी घ्या आणि त्यात चढवणे, उतरवणे, जिना, टोल सगळे आले आहे ना ते वाचून पाहा, कारण दुसऱ्या मजल्याचे वेगळे पैसे दारात उभे राहून मागण्याची रीत फार आहे. प्रत्येक खोक्यावर क्रमांक घालून त्याची यादी स्वतःच्या वहीत उतरवा. स्वयंपाकघराची आणि पूजेची खोकी ट्रकमध्ये सर्वांत शेवटी चढवायला सांगा, म्हणजे ती सर्वांत आधी उतरतील.

फ्रिज आदल्या रात्री बंद करून, बर्फ वितळवून, आतून पुसून घ्या. तो उभाच न्यायचा आणि नव्या घरी ठेवल्यानंतर तीन-चार तास तरी सुरू करायचा नाही. समोरून उघडणारे वॉशिंग मशीन असेल तर त्याच्या पाठीमागे ड्रम घट्ट धरणारे वाहतुकीचे बोल्ट पुन्हा बसवावे लागतात. नवे आणले तेव्हा ते काढून कुठे ठेवले ते आत्ताच शोधा.

लोणच्याची बरणी ट्रकमध्ये देऊ नका. ओठापर्यंत भरलेली असेल तर वरचे थोडे लोणचे काचेच्या बाटलीत काढा, म्हणजे हिंदकळून तेल दादऱ्याबाहेर, म्हणजे तोंडावर बांधलेल्या फडक्याबाहेर, येणार नाही. बरणीच्या तोंडावर आधी स्वच्छ प्लास्टिक, त्यावर दादरा असे बांधून ती खोल बादलीत उभी ठेवा आणि भोवती जुन्या चादरी दाबून बसवा. ही बादली स्वतःच्या गाडीत, पायापाशी ठेवा. देवही ट्रकमध्ये देऊ नयेत असे माझे मत आहे; ते आपल्या मांडीवर किंवा शेजारच्या आसनावर असावेत.

सासूबाईंना घेऊन पहाटे निघा, म्हणजे चाकणची गर्दी टळते. अंतर सुमारे २१० किलोमीटर आहे. नारायणगावला चहा आणि संगमनेरला पाय मोकळे करणे असे दोन थांबे ठरवूनच घ्या. त्यांची औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत असू द्या. आणि ज्या खोलीत त्या झोपणार त्या खोलीतला पलंग कामगार असतानाच जोडून घ्या, बाकीचे घर नंतर लागत राहील.

धागाकर्तीचा प्रतिसाद

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि बारकाईने लिहिले याबद्दल मी मनापासून आभारी आहे. मालकांशी बोलणे झाले आणि करार आधी करण्यास ते तयार झाले आहेत. १६ अँपिअरचा पॉइंट ओट्याच्या डाव्या बाजूला आहे असेही त्यांनी सांगितले. लहान सिलिंडरची चौकशी करणार आहे, तरीही तो मिळाला नाही तर अडू नये म्हणून आज कुकरमध्ये थोडे मोदक करून पाहिले. उकड पंचात गुंडाळून ठेवली होती, ती छान मऊ झाली आणि मोदक नीट वाफवले गेले. परंतु काही मोदकांना टोकापाशी भेगा पडल्या. पिठी नवीनच आहे. सासूबाईंच्या मते उकड कमी मळली गेली. त्यांचे हात आता दुखतात, त्यामुळे मळून दाखवणे त्यांना जमत नाही. उकड किती मळावी आणि किती गरम असताना मळावी, हे कोणी नेमके सांगू शकेल का?

प्रतिसाद

सासूबाईंचे निदान बरोबर वाटते. हाताला जेमतेम सोसेल इतकी गरम असतानाच मळायला घ्यावी. शेजारी कोमट पाण्याची वाटी आणि थोडे तेल ठेवावे. पाणी एकदम न ओतता तळहात पुन्हा पुन्हा ओला करून मळावे, कारण थंड पाण्याने उकड वरून चिकट आणि आतून कोरडी राहते. सुरुवातीला चटका बसत असेल तर तेल लावलेल्या वाटीच्या बुडाने रगडावी. लहान गोळी करून अंगठ्याने दाबून पाहावी; कडेला चीर पडली नाही की उकड तयार झाली असे समजावे, चीर पडली तर पुन्हा हात ओला करून मळावे.

टोकापाशीच भेगा पडत आहेत याचे आणखी एक कारण असू शकते. पारीचा मध्यभाग जाड आणि कडा फार पातळ झाल्या की कळ्या मिटताना टोकाला ओढ बसते. कडा पातळच असाव्यात, पण सर्व बाजूंनी सारख्या, आणि कळ्या पाडताना बोटांना किंचित पाणी लावावे. तयार मोदक वाफवायला ठेवेपर्यंत ओल्या फडक्याखाली झाकावेत आणि कुकरमध्ये ठेवण्यापूर्वी प्रत्येक मोदक गार पाण्यात बुडवून लगेच काढावा, म्हणजे वरचा भाग वाफेत कोरडा पडत नाही. तीन घाणे लागणार असल्यामुळे सगळी उकड एकदम मळून ठेवू नका. एका घाण्यापुरती मळा आणि उरलेली पंचातच गरम राहू द्या.