सत्तरीनंतर नुसतं चालणं पुरतं का?

माजघर: आई ७४ वर्षांची. रोज सोसायटीत सात फेऱ्या मारते. तरी गेल्या महिन्यात उंबऱ्याला अडखळून पडली. हाड वाचलं. फिजिओ म्हणतात, चालून तोल सुधारत नाही, त्याचा वेगळा व्यायाम हवा. बाबा म्हणतात योगासनं, दादा म्हणतो या वयात नसते उद्योग नकोत. तुम्हाला काय वाटतं?

खारी_बिस्कीट: दादा बरोबर. माझे आजोबा ९१ व्या वर्षापर्यंत फक्त चालत होते. कसला फिजिओ नि कसलं काय.

उलटतपासणी: आजोबा जेवायला पाटावर बसत असतील ना? दिवसातून दहा-वीस वेळा जमिनीवरून उठणं म्हणजे मांड्यांचा व्यायामच. सोफा, डायनिंग टेबल आणि कमोड आल्यावर तो गेला, चालणं तेवढं उरलं. कोक्रेन ही संस्था वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासते. तिच्या २०१९ च्या आढाव्यात १०८ चाचण्या होत्या, २३ हजारांवर ज्येष्ठ. तोलाच्या आणि उठ-बस वगैरे व्यायामांनी पडणं २४ टक्क्यांनी घटलं, ताकदीच्या व्यायामाची जोड दिल्यावर ३४. ताई ची या संथ चिनी व्यायामाने १९. नुसत्या चालण्याने पडणं घटतं असा ठोस पुरावा नाही. नुसत्या वजनं उचलण्याचीही तीच गत, म्हणजे जिमवाल्यांनीही हुरळू नये.

पहाटवारा: मग वृक्षासन काय वेगळं आहे? एका पायावरचा तोलच की. अय्यंगार पद्धतीत भिंत, खुर्ची, दोर यांचा आधार घेऊन म्हातारी माणसंही करतात.

उलटतपासणी: कराच. पण माणूस बहुतेकदा स्थिर उभा असताना नाही, हालचाल करताना पडतो. वळताना पडतो, हातात बादली असताना पडतो. सिडनीतल्या एका चाचणीत (२०१२) सत्तरीपुढच्या, आधी पडलेल्या लोकांना रोजच्या कामातच व्यायाम मिसळायला शिकवलं. खालचं काही घ्यायचं तर गुडघे वाकवून, काम करताना एका पायावर उभं राहून. पडणं ३१ टक्क्यांनी कमी झालं.

खारी_बिस्कीट: एका पायावर दात घासायचे, आपल्या ओल्या बाथरूममध्ये? आमच्या सासूबाईंना सांगून बघा.

उलटतपासणी: हा मुद्दा मान्य! बाथरूम नकोच. ओट्याशी करा, पटकन धरता येतो. आणि बीपीच्या गोळीनं चक्कर येत असेल तर आधी डॉक्टर.

माजघर: ओट्याशी सुरू केलंय. कुकर लावला की आई एका पायावर. काल दुसऱ्या शिट्टीला पाय टेकला, म्हणून कुकरवरच चिडली होती. दादा अजून नाही म्हणतोय.