खाऱ्या पाण्याच्या टँकचा पीएच ८ च्या वर जात नाही, काय करावं?

सागरगोटा: नमस्कार मंडळी. ठाण्यात राहतो. हॉलमध्ये २०० लिटरचा टँक आहे, खाली संप (पाणी गाळून परत वर सोडायची जोडटाकी) आणि स्किमर (हवेच्या बुडबुड्यांनी पाण्यातली घाण फेसात काढणारं यंत्र). दोन क्लाउनफिश, एक हॅमर कोरल, थोडे झूआ (दोन्ही प्रवाळ). दीड वर्ष सगळं छान चाललं होतं. एप्रिलपासून पीएच सकाळी ६ ला ७.७ आणि रात्री दिवे बंद होण्याआधी ७.९ दाखवतोय. खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, तापमान २६, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) ८.२ डीकेएच, कॅल्शियम ४२०. दुकानदारानं पीएच वाढवायची पावडर दिली. टाकली की दोन तास चढतो, मग पुन्हा तिथेच. दोन आठवड्यांत अल्कलिनिटी मात्र ११ वर गेली आणि हॅमर आक्रसला. पाणी बदलत बदलत ती खाली आणली, आता पावडर बंद आहे. आणखी एक, पानाला लावतात तो चुना चालेल का?

मीठभाकर: आधी मीटर तपासा. ७ आणि १० च्या द्रावणांवर कॅलिब्रेट करा. माझा जुना प्रोब ०.२ कमी दाखवत होता.

ओहोटी: सागरगोटा, पावडर बंद केलीत ते फार बरं झालं. अल्कलिनिटी ८ च्या आसपास असताना पीएच ७.७ असेल, तर पाण्यात कार्बन डायॉक्साइड जास्त झालाय. तो पावडरीनं जात नाही. अल्कलिनिटी तेवढीच असताना पीएच ०.३ नं उतरला, म्हणजे हा वायू जवळपास दुप्पट झाला असं समजा.

एप्रिलपासून म्हणताय, तेव्हा एसी सुरू झाला असेल ना? स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच फिरवतो. दारं-खिडक्या बंद, घरात चार माणसं, त्यात स्वयंपाकाचा गॅस. बाहेरच्या हवेत हा वायू ४२० पीपीएमच्या आसपास असतो, बंद खोलीत तो सहज हजाराच्या वर जातो. स्किमर तीच हवा दिवसभर पाण्यात घुसळतो.

खात्री करून घ्या. टँकमधलं पाणी दोन ग्लासांत घ्या. एक बाल्कनीत आणि एक हॉलमध्ये ठेवून दोन्हींत एअरपंपानं तासभर हवा सोडा, मग पीएच मोजा. बाल्कनीतला चढला आणि हॉलमधला नाही, तर दोष खोलीतल्या हवेचा. दोन्ही चढले तर संपात पाण्याची खळबळ कमी पडतेय.

सागरगोटा: ताई, आत्ताच केलं. मीटरही कॅलिब्रेट केला, तो बरोबर होता. बाल्कनीतला ७.७५ वरून ८.१२, हॉलमधला ७.८!

ओहोटी: मग स्किमरच्या हवेच्या नळीला लांब नळी जोडून तिचं तोंड खिडकीबाहेर काढा. फार बारीक नळी घेऊ नका, हवा कमी ओढली जाते आणि फेस बसतो. खिडकी जवळ नसेल तरच सोडा लाइमचा डबा लावा. तो वायू शोषून घेतो, पण संपला की पुन्हा भरावा लागतो, खर्च चालूच राहतो. संपात जागा असेल तर कीटो शेवाळ ठेवून त्यावर रात्री दिवा लावा. उजेडात ते हा वायू शोषतं, त्यामुळे पीएचची पहाटेची घसरण कमी होते.

चुनखडी: चुन्याबद्दल सांगतो. कल्पना चुकीची नाही, काल्कवासर म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडच. पण पानाच्या चुन्यात आणखी काय मिसळलंय ते आपल्याला ठाऊक नसतं, तो टँकमध्ये नकोच. शुद्ध पावडर घ्या. लिटरभर आरओ पाण्यात दीड ग्रॅमच्या आसपास विरघळते. वरचं निवळ पाणी रात्री थेंबथेंब सोडायचं, बाष्पीभवनानं जेवढं कमी होतं तेवढंच. या पाण्याचा पीएच १२ च्या वर असतो. एकदम ओतलं तर मासे हातचे जातील. आणि बेकिंग सोड्यानं पीएच चढेल ही आशा ठेवू नका, त्यानं फक्त अल्कलिनिटी वाढते.

सागरगोटा: पाच दिवस झाले. नळी खिडकीबाहेर आहे, बाकी काही बदललं नाही. सकाळी ७.९५, रात्री ८.१५. हॅमर पुन्हा फुलायला लागलाय, बघून इतकं बरं वाटलं! काल्कवासर सध्या नको म्हणतो. पावसाळ्यात नळीचं काय करायचं?

ओहोटी: व्वा, छान! तोंड खाली वळवून ठेवा, म्हणजे पाऊस आत जाणार नाही, आणि त्यावर बारीक जाळी बांधा. पालिकेची डासांसाठी धूर फवारणी असेल, सोसायटीत रंगकाम किंवा पेस्ट कंट्रोल असेल, त्या दिवशी नळी न विसरता आत घ्या.

सागरगोटा: हे डोक्यातच आलं नव्हतं. वॉचमनकाकांना सांगून ठेवतो, फवारणीची गाडी आली की इंटरकॉमवर कळवा म्हणून.